अकरा मिलिमीटर

वल्लरीने आणलेला कागद जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून श्यामने मटाराच्या शेंगांची परात उचलून खुर्चीवर ठेवली. हेमांगी समोर बसून त्या शेंगा सोलत होती. परात उचलली गेली आणि तिचा हात हवेतच राहिला.

"काका, हे बघा," वल्लरी म्हणाली. तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढलेली आकृती तळव्याने सपाट केली. "ती जपानी गाडी साडेनऊशे किलोची. आपली भरणार साडेसहाशे. तिच्याच स्प्रिंग ठेवल्या तर गाडी टाचा वर करून उभी राहील आणि खड्ड्यात उड्या मारेल. आपल्याला मऊ स्प्रिंग करून घ्याव्या लागतील. किती मऊ ते इथे लिहिलंय."

"वा!" श्याम म्हणाला. "यार, काय डोकं आहे या पोरीचं! हेमा, ऐकलंस?"

हेमांगीने ऐकलं होतं. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण त्या जपानी स्प्रिंग पेटीतून बाहेर निघाल्या त्याच दिवशी तिने हे मनात ओळखलं होतं. ती उठली, परात घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे उभ्याउभ्याच तिने उरलेल्या शेंगा सोलल्या. एकेक शेंग अशी दाबत होती की दाणे ओट्यावरून घरंगळून खाली जात होते.

पंचाहत्तर साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीत हेमांगी एकटीच मुलगी होती. लग्न होऊन दिल्लीला आली आणि फरिदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात तिने सात वर्षं काढली, पुढच्या आसाच्या विभागात. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, सिद्धांत लहान होता, आणि नोकरी सुटली. 'सध्या' सुटली असं तेव्हा सगळे म्हणाले होते. आता सिद्धांत रुरकीला होस्टेलवर होता, गाझियाबादच्या वैशालीत प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं होतं, आणि हेमांगी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवत होती.

श्याम वीज महामंडळात इंजिनिअर. त्याचं बालपण ग्वाल्हेरात गेलं होतं. तिथल्या एका सरदारांकडे लाल रंगाची, उघडी, दोन सिटांची विलायती गाडी होती. ती रस्त्यावरून गेली की शाळा सुटल्यासारखी पोरं मागे धावत. ती गाडी श्यामच्या डोक्यातून चाळीस वर्षं गेली नाही. असली गाडी विकत मिळणं शक्य नव्हतं, पण तिच्यासारखी हुबेहूब करता येईल, असं त्याने सत्याण्णवच्या उन्हाळ्यात ठरवलं. तेव्हा बाजारात रोज नवी गाडी येत होती, माणसं घरं, नोकऱ्या, टीव्ही सगळंच बदलत होती, आणि पन्नाशीच्या माणसाने गाडी बांधायला घेतली याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. इंजिन वडिलांच्या जुन्या फियाटचं. नंबरही तिचाच, म्हणजे कागदोपत्री ती गाडी शेवटपर्यंत फियाटच होती. वरचं अंग फायबरचं, बाथटब बनवणाऱ्या एका कारागिराकडून. चौकोनी पाइपांची चासी यासीन मिस्त्रींनी जोडली. हिंडन नदीपलीकडे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं.

सस्पेन्शनवर मात्र घोडं अडलं. जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे लावावेत असं यासीनभाईंचं मत. तेवढ्यात श्यामचा एक मित्र मस्कतहून कायमचा परतला. त्याच्या शेजाऱ्याची जपानी स्पोर्ट्स कार तिकडे अपघातात गेली होती, आणि श्यामचं वेड ठाऊक असल्यामुळे मित्राने तिचं चारही चाकांचं सस्पेन्शन सुटं करून घरसामानाबरोबर आणलं. लाखोंच्या संख्येने तयार होणारी साधी गाडी ती, पण चाक धरणारे ते वरचे-खालचे दोन दोन लोखंडी हात किती हलके आणि किती नेमके! पेटी उघडली तेव्हा हेमांगीने त्यातला एक उचलून पाहिला. त्याच्या सांध्याला बोट लावलं. फरिदाबादला ती ज्याची चित्रं मासिकात बघत असे ते आज तिच्या हातात होतं.

"काय गं, हे आपल्या चासीला कसं बसवायचं?" श्यामने विचारलं.

तेव्हा तिने उत्तर द्यायला हवं होतं. पण त्या आधीच्याच आठवड्यात मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी "मिसेस काय करतात?" असं विचारलं होतं आणि श्याम सहज म्हणाला होता, "घरीच असते, ट्यूशन घेते." फरिदाबादचं नाव त्याने काढलं नव्हतं. ते तिच्या मनात सलत होतं. ती म्हणाली, "मला नको विचारूस. मी विसरले ते सगळं."

तो पुन्हा विचारेल असं तिला वाटलं होतं. त्याने "अच्छा" म्हणून झाकण लावलं.

आणि मग वल्लरी आली. तिला आणलं हेमांगीनेच. शाळेतली मैत्रीण कल्पना, तिची ही मुलगी. गुडगावला एका नव्या कंपनीत गाड्यांच्या भागांचं डिझाइन करायला लागली होती, दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहत होती. 'पोरगी एकटी आहे, लक्ष ठेव,' असं कल्पनाने लिहिलं होतं. हेमांगीने तिला रविवारी जेवायला बोलावलं, पोटभर पुरणपोळी वाढली आणि तिला निरोप देताना कौतुकाने म्हणाली, "ये, तुला काकांचा उद्योग दाखवते." पुढच्या रविवारी मुलगी दोन बस बदलून स्वतःहून आली, जुनी जीन्स घालून. त्यानंतर एकही रविवार तिने चुकवला नाही.

पोर्चमधून त्यांचे आवाज घरात यायचे. "काका, सतराचा पाना." "बिल्कुल सही!" "यासीनभाई, इधर थोडा नीचे." हेमांगी चहा नेऊन द्यायची. कप ठेवताना तिची नजर चासीवर जायची आणि ती मुद्दाम फिरवायची. वल्लरी वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. कप धुऊन ठेवायची, "मावशी, तुमचा हात दुखतोय का, मी पोळ्या लाटते," म्हणायची. तिच्या नखांत ग्रीस असायचं. हेमांगीला ते ग्रीस बघवत नसे.

शेजारच्या कुमुदवहिनींनी एकदा गच्चीवरून आवाज हळू करून विचारलं, "पोरगी फार येते गं तुमच्याकडे. तुला चालतं?"

हेमांगी नुसती हसली. कुमुदवहिनींना जे वाटायचं ते वाटू दे. नवऱ्यापायी जळणारी बायको लोकांना समजते. दुसऱ्या बाईला पाना दिला आणि आपल्याकडे चहा मागितला, म्हणून जळणारी बाई कुणाला समजावून सांगायची? तिचं तिलाच ते सांगताना लाज वाटत होती.

डिसेंबरात गाडी चाकांवर उभी राहिली. वल्लरीच्या हिशोबाने करून घेतलेल्या स्प्रिंग अचूक निघाल्या. गाडी जमिनीसरशी अशी बसली की यासीनभाईंनी "माशाल्ला!" म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी श्यामने बाहेरून छोले-भटुरे आणले आणि पहिली प्लेट वल्लरीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. श्याम ऑफिसला गेला, ट्यूशनची मुलं चारला यायची होती. दुपारी हेमांगी पोर्चमध्ये आली आणि गाडीपुढे मांडी घालून बसली. पंधरा वर्षांत ती असं कुठल्या आसापुढे बसली नव्हती. थोड्या वेळाने तिच्या कपाळाला आठी पडली.

अपघातात त्या जपानी गाडीचा स्टिअरिंगचा दांडा चेपला होता. म्हणून यासीनभाईंनी इथल्या एका छोट्या गाडीचा बसवला होता. तो लांबीला जास्त होता, शिवाय दोन बोटं उंच लागला होता. चाकाचे हात जपानी आणि चाक वळवणारी कांडी भलतीच. सरळ रस्त्यावर काही कळणार नाही. पण चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की हात एका वर्तुळात फिरणार, कांडी दुसऱ्या वर्तुळात.

तिने पदर खोचला. जॅक लावला, पुढची डावी स्प्रिंग काढली, चाकाला आडवी लाकडी पट्टी बांधली, भिंतीपासून खांबापर्यंत सुतळी ताणली. मग चाक बोट बोट वर उचलत पट्टीपासून सुतळीचं अंतर मोजत गेली. चाक चार बोटं वर गेलं तोवर त्याचं नाक अकरा मिलिमीटर आत वळलं होतं. स्टिअरिंगला हात न लावता! उजव्या बाजूलाही तेच. तिने ट्यूशनच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहिले, खाली आलेख काढला. स्प्रिंग परत बसवली, हात रॉकेलने धुतले.

त्या दुपारी तिला इतकं हलकं वाटलं की मुलांना तिने गृहपाठही दिला नाही. कॉम्प्युटरवरच्या पोरीला जे दिसलं नाही ते तिला सुतळीने दिसलं होतं. आज सांगू, असं ठरवून ती श्यामची वाट बघत बसली. श्याम आला तो दारातूनच बोलत आला. "वल्लरीचा फोन आला होता ऑफिसात. म्हणते, काका, आता फक्त रंग राहिला. संक्रांतीला पानिपतला मंडळाची बस जाते ना, तिच्या मागे आपण गाडी काढू. तिथल्या स्मारकापाशी, काला अंबला, सगळ्यांना दाखवू. त्या मुलीमुळे झालं बघ हे."

हेमांगीने वही कपाटात ठेवली.

रोज ती ठरवायची आणि रोज तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. ख्रिसमसनंतरच्या रविवारी पहिली फेरी झाली. जवळच्या वसुंधरा वसाहतीकडे नवे सेक्टर आखले होते. घरं नव्हती, नुसते रुंद, गुळगुळीत रस्ते आणि कडेला विटांचे ढीग. श्यामच्या शेजारी वल्लरी बसली, आणि लाल गाडी दोरीत धरल्यासारखी सरळ गेली आणि सरळ परत आली. दोघांचे केस वाऱ्याने उभे राहिले होते. हेमांगीच्या मनात सुटकेबरोबर निराशाही दाटून आली, आणि ती निराशा बघून ती स्वतःशीच चरकली. गाडी नीट चालली याचं आपल्याला वाईट वाटतंय?

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी धुकं बारा वाजता उठलं. श्याम हवा भरायचा पंप शोधत होता. पानिपतला जायला तीन दिवस राहिले होते. त्या रस्त्यावर ट्रक, खड्डे, उसाच्या ट्रॉल्या. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. पण कपाटातून वही काढून आणायची आणि 'तीन आठवडे मी हे लपवलं' असं म्हणायचं, हेही तिला जमेना. मग तिला तिसरी वाट सुचली. दाखवू. हळू चालवू, खड्ड्यावरून नेऊ, गाडी थोडी ओढेल, पोरीला आपोआप कळेल.

"किल्ली दे," ती श्यामला म्हणाली. "मी चालवून बघते. वल्लरी, चल बस."

श्याम चकित झाला, खूशही झाला. "अरे वा! चलो, कुणीतरी रुसवा सोडला."

पुढे एका रस्त्यावर गटाराची लाइन टाकायला तिरका चर खणून अर्धवट बुजवला होता. हेमांगीला तो ठाऊक होता. ती भाजीला जाताना बघून आली होती. तीसच्या वेगाने जायचं ठरवून ती निघाली. ऊन पडलं होतं, स्टिअरिंग हातात हलकं होतं, आणि क्षणभर तिला खरोखरच मजा वाटली.

"मावशी, थोडी पळवा ना," वल्लरी हसत म्हणाली. "घाबरू नका. मी सगळं चेक केलंय."

मी सगळं चेक केलंय. हेमांगीने पाय दाबला. चाळीस. पन्नास. चर समोर आला तेव्हा ब्रेकवर पाय नेता आला असता. तिने नेला नाही.

डावं चाक उचललं गेलं आणि आपल्या मर्जीने आत वळलं. गाडी कुणीतरी कानाला धरून खेचल्यासारखी उजवीकडे गेली. हेमांगीने स्टिअरिंग उलटं फिरवलं, तोवर उजवं चाक चरात उतरलं होतं. रस्त्याच्या मधोमध दुभाजकासाठी विटा रचल्या होत्या. फायबर फुटल्याचा कोरडा आवाज आला, आणि पाठोपाठ वल्लरीची किंकाळी.

हेमांगीच्या छातीला स्टिअरिंग लागलं होतं, पण ती धड होती. वल्लरीने आधारासाठी पुढे केलेला डावा हात मनगटाशी भलत्याच कोनात होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ती गाडीच्या चाकाकडे बघत होती.

"आपोआप वळलं," ती पुटपुटली. मग तिने मान वळवली आणि हेमांगीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायची वेळ होती आणि बोलता आलंही असतं. "हो," हेमांगी म्हणाली.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

प्लास्टर घालून होईपर्यंत वल्लरी हेमांगीशी एक शब्दही बोलली नाही. संध्याकाळी श्याम तिला मुनिरकाला सोडून आला आणि त्याच टेबलाशी बसला.

"हेमा, तुला काय वाटलं मला माहीत आहे," तो जड आवाजात म्हणाला. "कुमुदवहिनीही काहीतरी बोलल्या. पण ती आपल्या सिद्धांतपेक्षा चार वर्षांनी मोठी पोर. माझ्या मनात कधी..."

"गप बस, श्याम. मी तुझ्यापायी जळत नव्हते."

"मग?"

"तू तिला विचारत होतास."

"काय विचारत होतो?"

"सगळंच. कुठला नट, किती स्प्रिंग, कुठे भोक पाडायचं. सात वर्षं मी हेच काम केलं, श्याम. तू विसरलास."

"तुला विचारलं होतं. पेटी उघडली त्या दिवशी. तू म्हणालीस, विसरले."

"एकदाच विचारलंस."

"माणसाला किती वेळा विचारायचं असतं?"

तो उठून गेला. पुढचे कित्येक दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. पानिपतला मंडळाची बस गेली. या घरातून कुणी गेलं नाही. फुटकी गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली.

तीन आठवड्यांनी हेमांगी वही घेऊन मुनिरकाला गेली. अरुंद गल्ली, डोक्यावर वायरींची जाळी, तिसऱ्या मजल्यावर वल्लरीची खोली. दार उघडून ती बाजूला झाली, पण या म्हणाली नाही.

"तुझ्या आईला मी पत्र लिहिलंय," हेमांगी म्हणाली. "जे झालं ते सगळं लिहिलंय. आणि हे तुला दाखवायचं होतं."

वल्लरीने एका हाताने वही घेतली, शेवटचं पान उघडलं. आधी नुसती बघत होती. मग तिची नजर आकड्यांवरून सरकत गेली, बोट आलेखावर फिरू लागलं. "सुतळीने मोजलंत?" तिच्या आवाजात नकळत उत्साह आला. "स्प्रिंग काढून? किती साधं... मी मूळच्या दांड्याची लांबी धरली होती. बदललाय हे माहीत असून आकृतीत बदललाच नाही. चूक माझीच."

"चूक होते."

"हो, पण मावशी," तिने वही मिटली. उत्साह मावळला होता. "तुम्ही मला सांगितलं असतं ना, तर मी नाचले असते. ऑफिसात माझ्याशी असं बोलणारं कुणी नाही. सगळे पुरुष. मी तुमच्याकडे दर रविवारी का येत होते? आईने सांगितलं होतं, हेमांगी पुढचा आस करायची म्हणून. मी वाट बघत होते तुम्ही कधी बाहेर येऊन बसाल. मला वाटलं तुम्हाला आता त्यात रस नाही."

"मला माफ कर."

"करेन," वल्लरी प्रामाणिकपणे म्हणाली. "पण आत्ता नाही. तुम्ही मला शेजारी बसवून नेलंत." तिने वही परत दिली. चहा विचारला नाही.

घरी आल्यावर हेमांगीने ताडपत्री काढली. श्याम दारात येऊन उभा राहिला. "दांडा आखूड हवा, आणि दोन बोटं खाली," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मायापुरीच्या भंगार बाजारात ती मोजपट्टी घेऊन तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला एका मोडक्या गाडीच्या पोटात हव्या त्या लांबीचा दांडा सापडला. यासीनभाईंनी आधार कापून खाली जोडले. श्यामने पाने दिले, तिने मागितले तेच दिले. पुन्हा सुतळी ताणून मोजलं तेव्हा चाक चार बोटं उचलूनही नाक एका मिलिमीटरनेही हललं नाही. श्याम गुडघ्यावर बसून बघत होता. "फरिदाबादला तू हेच करायचीस?" त्याने विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती बराच वेळ त्याला सांगत बसली.

एप्रिलच्या एका सकाळी दोघंच गाडी घेऊन काला अंबला गेले. स्मारकापाशी त्या दिवशी फारसं कुणी नव्हतं. साताऱ्याहून सहलीला आलेलं एक कुटुंब गाडीभोवती जमलं. "कुणी बनवली?" म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं. श्यामने हेमांगीकडे बोट दाखवलं. तिला जे ऐकायचं होतं ते हेच. पण ऐकताना तिने मान खाली घातली, आणि म्हणाली, "स्प्रिंग आमच्या एका मुलीने केल्या."

वल्लरी पुन्हा वैशालीला आली नाही. वर्षभराने चेन्नईला बदलून गेली. कल्पनाच्या पत्रातून कळत राहिलं, हात पूर्ण बरा झाला, बढती मिळाली, जपानला पाठवलं. दर दिवाळीला तिचं ग्रीटिंग मात्र यायचं, नाव लिहिलेलं, पुढे काही नाही. जपानची बातमी आली त्या दिवशी हेमांगी ती कुमुदवहिनींना मोठ्या अभिमानाने सांगून आली. मग घरी येऊन ओट्याशी उभी राहिली. अभिमान खरा होता. पण जपानला जायला आपल्याला कुणी पाठवलं नाही, पंचवीस वर्षांपूर्वी पाठवायला हवं होतं, हेही तिला तितक्याच खरेपणाने टोचत होतं. तिने ते टोचू दिलं आणि वल्लरीला पत्र लिहायला घेतलं. त्यात हे टोचणंही लिहिलं.